माओला कोणत्या मापाने मोजावे?

आमच्या ओवे गावातील तरुण विचारतात, माओ आपला की परका? प्रश्न जुनाच. १९७४ साली ढाले-ढसाळ वेगळे झाले, तेही मार्क्सवादाच्या वादावरून.

माओने १९५० च्या कायद्याने जमीनदारांची जमीन भूमिहीनांना दिली. ज्यांच्या आजोबांची हयात दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेली, त्या आम्हांला याचे मोल सांगावे लागत नाही. पण काही वर्षांतच ती जमीन सामुदायिक शेतीत गेली. १९५८ च्या 'मोठ्या झेपे'त गावोगावहून पिकाचे फुगवलेले आकडे वर गेले, त्यावर सरकारने धान्य उचलले आणि कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली. साहेबाला आवडेल तोच आकडा लिहावा, ही भीती आम्हां कारकुनांना चांगली ठाऊक. तिथे तर चूक दाखवणारे संरक्षणमंत्री पेंग दहुआई १९५९ साली पदावरून गेले! १९६६ नंतर बुद्धविहारही फोडले गेले.

१९८१ साली चिनी पक्षाने निकाल दिला : माओचे कार्य मोठे, चुका दुय्यम. आम्हांला तो मान्य नाही. उपाशी मेलेल्यांना दुय्यम कसे म्हणावे? बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला मार्क्सचे ध्येय नव्हे, हिंसा व हुकूमशाहीचा मार्ग नाकारला. तेव्हा चीनचा तो दुष्काळ अजून पडायचा होता.