लडाखचा हिवाळा: आधी घर, मग जळण

लडाख आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे तो जून ते सप्टेंबरचा. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीत तिथल्या रात्री उणे १५ ते २० अंशांपर्यंत उतरतात. २०१९ मध्ये श्रीनगरहून आलेल्या वाहिनीने लेह राष्ट्रीय वीजजाळ्याला जोडले गेले, पण त्या जाळ्याबाहेरच्या दुर्गम वस्त्यांत प्रत्येक घराला आपली ऊब, उजेड आणि पाणी आपणच सांभाळावे लागते. अशा घराच्या तयारीबद्दल सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे भरपूर जळण आणि मोठी बुखारी (खोली तापवणारी धुराड्याची शेगडी) असली की हिवाळा निघतो. हा समज खर्चीक आहे आणि काही वेळा जिवावरही बेततो. हिवाळ्याची तयारी म्हणजे मुख्यतः आलेली उष्णता टिकवण्याची तयारी. ती नीट झाली की जळण, वीज आणि पाणी हे तिन्ही प्रश्न लहान होतात.

मोठ्या बुखारीने घर जास्त उबदार होते, हे तेवढ्यापुरते खरे आहे. पण आत २० अंश आणि बाहेर उणे १५ असताना ३५ अंशांचा फरक छप्पर, भिंती आणि फटींमधून उष्णता सतत बाहेर ओढत असतो. फरक वाढला की गळतीही त्याच प्रमाणात वाढते. शिवाय बुखारी जळायला हवा लागते. धुराड्यातून जेवढी हवा वर जाते, तेवढीच थंड हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत शिरते; जाळ मोठा तर ही ओढही मोठी. रात्री जाळ विझला की पहाटेपर्यंत खोली पुन्हा गार होते. उलट, गळती निम्म्यावर आणली तर तीच ऊब निम्म्या जळणात मिळते. जळण ओले असेल तर हिशेब आणखी बिघडतो: ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. ते उडवण्यातच उष्णता खर्च होते आणि धुराड्यात ज्वलनशील काजळी साचते.

यावर उत्तर येते की जाड मातीच्या भिंती थंडी अडवतातच. माती उष्णता साठवते, पण अडवण्यात ती कमी पडते. पेंढा किंवा लाकडाचा भुसा तेवढ्याच जाडीत साधारण दहापट रोध करतो. म्हणून साठवणारी माती आतल्या बाजूला आणि रोधक थर बाहेरच्या बाजूला हवा. लेहजवळच्या फे गावातील सेकमॉल संस्थेच्या इमारती याच तत्त्वावर उभ्या आहेत: दक्षिणेला काच, बाकी बाजूंना माती आणि रोधक थर. डिसेंबरात लेहला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर पोचते. जूनमध्ये तो ७९ अंशांवर असतो, तेव्हा साधा सज्जाही ते अडवतो. मात्र सूर्यास्तानंतर त्याच काचेवर जाड पडदा ओढायलाच हवा, नाहीतर दिवसाची कमाई रात्री निघून जाते.

आमचे वाडवडील असल्या थरांशिवाय राहिलेच ना, असा आक्षेप येतो. पण जुने लडाखी कुटुंब हिवाळ्यात अख्खे घर तापवत नसे. सगळे एका स्वयंपाकखोलीत राहत, खालच्या मजल्यावर जनावरे असत, खिडक्या मोजक्या आणि लहान असत. ऊब राखण्याचाच तो शहाणपणा होता. दुसरा आक्षेप पैशाचा. थराचा खर्च एकदा होतो, जळणाचा दरवर्षी. आणि लडाखसारख्या जवळजवळ वृक्षहीन मुलखात, जिथे पोपलर आणि विलोही पाटाच्या पाण्यावर वाढवावे लागतात, जळण कधीच स्वस्त नसते. सगळे एकदम जमत नसेल तर छप्पर, दार आणि राहण्याची एक खोली एवढ्यापासून सुरुवात करावी.

मग सगळ्या फटी बुजवून टाकाव्यात का? इथला गैरसमज जीवघेणा आहे. अपुऱ्या हवेत लाकूड, कोळसा किंवा रॉकेल जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. धूर दिसत नाही म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे म्हणजे मरणाला आमंत्रण आहे. फटी बुजवाव्यात, पण बुखारीसाठी हवेची वाट मुद्दाम ठेवावी, हिवाळ्यापूर्वी धुराडे साफ करावे आणि वायूची सूचना देणारे यंत्र बसवावे. हवा खेळती ठेवल्याने सगळी ऊब जाते ही भीतीही अवाजवी आहे. मातीची भिंत तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता साठवते. थोडी हवा बदलली तरी भिंतीतली ऊब राहते.

विजेबाबत लोक पॅनेलवर उगाच संशय घेतात आणि बॅटरीवर उगाच विश्वास ठेवतात. सौर पॅनेल गारव्यात जास्त चांगले चालते; सेल २५ अंशांवरून शून्यावर आला तर वीज सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. कमी होतो तो दिवस, डिसेंबरात दहा तासांच्या आत. पॅनेल सुमारे ५० अंश तिरपे केले तर खालचे ऊनही मिळते आणि बर्फही घसरून पडतो. बॅटरीचे मात्र उलटे आहे. पूर्ण भरलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, रिकामी बॅटरी मात्र उणे दहाच्या आसपास गोठून फुटू शकते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मी वीज वापरली, तरी हजार वॅटचा हीटर तासभरही चालत नाही. म्हणून वीज दिव्यांसाठी ठेवावी आणि बॅटरी घराच्या उबदार भागात, पण झोपायच्या खोलीबाहेर, हवेशीर जागी असावी.

पाण्याचाही नियम हाच. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि नळ फोडते. नुसते कापड गुंडाळल्याने गोठणे लांबते, टळत नाही. नळ जमिनीत खोल पुरावेत किंवा रात्री पूर्ण रिकामे करावेत, आणि पिण्याचे पाणी राहत्या खोलीत साठवावे. लडाखचे पारंपरिक कोरडे संडास हिवाळ्यात पाण्याशिवाय चालतात. ते मागासलेले समजून फ्लश बसवणे ही चूक ठरते. ही सारी कामे ऑक्टोबर संपण्याआधी व्हायला हवीत, आणि या क्रमाने: छप्पर, फटी, हवेची वाट, ऊन, पाणी, बॅटरी. किती जळण लागेल याचा हिशेब त्यानंतर मांडावा. तो आधी मांडणारे घर दरवर्षी गळतीचेच बिल भरत राहते.