दृश्य खरं असतं, अर्थ मात्र लावलेला असतो

'टीव्हीवर दाखवलंय, म्हणजे खरंच असणार,' असं आपल्या घरांत सर्रास बोललं जातं. कॅमेऱ्यानं टिपलेलं दृश्य खरं असेलही. पण कोणतं दृश्य घ्यायचं, कुठे कापायचं, त्यावर कोणता मथळा आणि कसलं संगीत लावायचं, हे माणसंच ठरवतात. त्यांची विचारसरणी तिथूनच दृश्यात शिरते.

फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज' (1957) या पुस्तकात याचं उत्तम उदाहरण दिलंय. 1955 च्या 'पारी मॅच' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फ्रेंच लष्करी गणवेशातला एक आफ्रिकी मुलगा सॅल्यूट करतोय. चित्रात एवढंच आहे. पण बघणाऱ्याच्या मनात उतरतं ते असं: फ्रान्सचं साम्राज्य किती थोर, सगळ्या वर्णांची लेकरं त्याची मनापासून सेवा करतात! त्याच वेळी अल्जीरियातले मुसलमान फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होते. मुखपृष्ठावर त्याचा मागमूस नव्हता. चित्र जे दाखवत नाही, त्यातूनही अर्थ घडतो.

आपल्यासाठी ही गोष्ट पुस्तकातली नाही. 2020 मध्ये कोरोनाच्या बातम्यांत टोपी-दाढीची दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवली गेली. आजार विषाणूचा, पण चेहरा दिला गेला एका समाजाचा. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगी जमातच्या 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध वृत्तपत्रं आणि वाहिन्यांनी मोठा अपप्रचार केला, असं निकालात स्पष्ट म्हटलं आहे. निकाल आला, पण डोळ्यांत बसलेली दृश्यं इतक्या लवकर पुसली जात नाहीत.

मग करायचं काय? टीव्ही बंद करून भागणार नाही. मुलांच्या हातात मोबाइल आहेच. वर्गात आम्ही एक सोपी युक्ती वापरतो. बातमीचा व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघायचा आणि नुसतं काय दिसतंय ते सांगायचं. मग आवाज लावायचा. भीती दृश्यात होती की संगीतात, हे मुलं स्वतःच ओळखतात. मग तीन सवाल: हे कुणी दाखवलं? काय वगळलं? दुसऱ्या मथळ्याखाली हेच दृश्य कसं वाटलं असतं?

हेच सवाल आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या, आपल्याला आवडणाऱ्या व्हिडिओलाही विचारायचे. दुसऱ्याविषयी तहकीक न करता पुढे ढकललेला व्हिडिओ तितकाच घातक असतो.