डाल्यात संसार किती मावतो?

आमच्या बालाघाटातल्या हट्ट्यात पिकअप म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर ती धानाचे कट्टे घेऊन मंडीत जाते, लगीनसराईत मांडवाचे बांबू नि खुर्च्या वाहते, आणि महाशिवरात्रीला लांजीच्या कोटेश्वरला निघालेली अख्खी आळी तिच्या डाल्यात उभी असते. त्यामुळं मी दुहेरी कॅबची, पांढऱ्या पाटीची पिकअप दारात आणून उभी केली तेव्हा पहिला प्रश्न आला तो, "धंदा कोनता सुरू केला, भाऊ?" बायको-पोरांना घेऊन रानोमाळ मुक्कामाला जायला घेतली, असं सांगितल्यावर समोरचा गप्प झाला. तसं पाहिलं तर यात नवीन काहीच नाही. आमचे आजोबा बैलांच्या रेंगीत तणस अंथरून, चुलीची तीन दगडं सोडून बाकी सगळा संसार घेऊन यात्रेला जायचे आणि रात्री रेंगीखालीच झोपायचे. पण गाडी "तयार" करायला घेतली की जो तो सल्ला देतो, आणि त्यातले निम्मे सल्ले गाडीचं नि घरच्यांचं नुकसान करणारे असतात. त्यांतले बरेच मी आधी पाळले, मग सोडले.

सगळ्यात मोठा गैरसमज वजनाचा. पिकअप आहे ना, मग लादा हवं तेवढं! ही समजूत आली ती पिवळ्या पाटीच्या गाड्यांवरून. महिंद्राची बोलेरो पिकअप तेराशे ते सतराशे किलो माल नेण्यासाठीच बनवलेली असते. तिचे पाटे त्या हिशेबाचे, म्हणून तर रिकामी गाडी खड्ड्यात पोटातलं पाणी हलवते. २०१६ साली भारतात आलेली इसुझूची व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये आलेली टोयोटाची हायलक्स या गाड्यांचा बेत वेगळा. पाच माणसं आरामात बसावीत म्हणून त्या मऊ ठेवलेल्या असतात. डाला तसाच दिसतो, पण पोट लहान असतं. आपल्या गाडीचं पोट किती, ते आरसीवरच छापलेलं असतं. रिकामं वजन आणि एकूण वजन अशा दोन आकड्यांतला फरक, तेवढीच तिची भूक. त्यात तुम्ही स्वतःही आलात.

मी हा हिशेब कागदावर न करता राइस मिलच्या धर्मकाट्यावर केला. आमच्या भागात दर चार-दोन कोसांवर राइस मिल आहे, तेव्हा काट्याची वाण नाही. मुक्कामाला जातो तशी गाडी पूर्ण भरली, सगळे आत बसले आणि काट्यावर चढवली. खिडकीतून मुनीमजींनी विचारलं, "माल काय?" म्हटलं, "बायको, पोरं आणि बाबा." ते म्हणाले, "मंग उतरवा त्याईले, काट्यावर मानसं ठेवत नाही." त्यांना पटवायला पाच मिनिटं गेली. चिठ्ठी हातात आली तेव्हा माझाच चेहरा उतरला.

माझ्या आरसीवरचा फरक आहे सहाशे किलोचा. आम्ही पाच जण, त्यांत दोघं लहान, मिळून दोनशे साठ. छतावर उघडणारा तंबू पासष्ट, त्याची लोखंडी चौकट तीस, डाल्यावरचं फायबरचं झाकण सत्तर. समोरचा जाड लोखंडी बंपर आणि विंच मिळून शंभर. चाळीस लिटर पाणी म्हणजे चाळीस किलो, त्यात सूट नाही. शेगडी, भांडी, शिधा, अंथरूण-पांघरूण पन्नास. झाले सहाशे पंधरा. अजून फ्रीज आणि जादाची बॅटरी धरलीच नाही. ती धरली की सहाशे पंचावन्न. मी एकाही कट्ट्याला हात लावला नव्हता आणि गाडी ओव्हरलोड होती.

यावर मिस्त्री लोक सांगतात, जादाचे पाटे टाकून घ्या. पाटे टाकल्यानं मागची बाजू बसत नाही एवढंच. ब्रेक, चाकाचे बेअरिंग, चासी आणि टायर आहेत तेच राहतात, आणि आरसीवरचा आकडाही तोच. वजन कुठं ठेवलं यालाही महत्त्व आहे. मागच्या धुरीच्या पलीकडं, डाल्याच्या टोकाला पाण्याचे कॅन नि जादाचं चाक लावलं की गाडीचा सी-सॉ होतो: मागचं टोक दबतं, पुढचं उचललं जातं, आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. जड ते कॅबच्या पाठीला टेकून आणि डाल्याच्या तळाशी, हलकं ते मागं. बैलबंडी भरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. जू बैलाच्या मानेवर किती दाबतं, हे तो हातानं उचलून बघतो.

छतावरचा तंबू मी विकला. पासष्ट किलो डोक्यावर घेऊन नाल्याच्या उतारावर आडवं चालताना गाडी जशी झुकते, ते एकदा पाहिलं की पुरे. आता ताडपत्री, जमिनीवरचा तंबू आणि बाबांसाठी घडीची खाट. लोखंडी बंपरही निघाला. गोठ्यात आहे, त्यावर कोंबड्या बसतात.

त्या बंपरची गोष्ट नुसती वजनाची नाही. "समोरून काही आलं तर बंपर सांभाळून घेतो" हा समज इतका पक्का आहे की लोक नवीन गाडी शोरूममधून थेट बंपर लावायला नेतात. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा असाच केलेला असतो. तो चुरगळण्यात धक्का खर्ची पडतो, आणि किती जोरानं चुरगळतोय यावरून एअरबॅगचे सेन्सर निर्णय घेतात. मध्ये चासीला बोल्ट केलेलं लोखंड आलं की धक्का सरळ आत येतो आणि एअरबॅगचा हिशेब चुकू शकतो. पायी चालणाऱ्याला तर तो बंपर घणासारखाच लागतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे क्रॅश गार्ड आणि बुल बार बेकायदा असल्याचं सांगितलं होतं.

फेरबदलांचं एकूण असंच. "आरटीओत पैसे भरले की पास होतं" हे वाक्य मी गोंदियात ऐकलंय नि बालाघाटातही. एमएच ३५ असो की एमपी ५०, कायदा एकच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही ठरली, ती म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. याचा अर्थ गाडीला काहीच करता येत नाही असा नाही. डाल्यात पट्ट्यांनी बांधलेले, घरी आल्यावर काढून ठेवता येणारे खण, पेट्या, फ्रीज हे सामान आहे, फेरबदल नव्हे. डाल्यात वेल्डिंग करून खोली उठवली, सीट बसवल्या, चासी लांबवली की ते फेरबदल. ज्यांना खरंच चाकांवरचं घर हवंय त्यांच्यासाठी मोटर कॅराव्हॅन हा वेगळा प्रकार आणि वेगळी मानकं आहेत. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. माझा सुतार म्हणाला, "साहेब, पक्कं करून देतो." मी म्हटलं, पक्कंच नको आहे. सागाच्या फळीचे दोन खण केले, चार बोल्ट नि दोन पट्टे. खण तळाशी, त्यावर गादी. पोरं त्यावरच झोपतात, गाडी उभी असताना.

"गाडी उभी असताना" हे मुद्दाम लिहिलं. डाल्यात माणसं बसवून नेणं आमच्याकडं इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच स्पष्ट केलेलं आहे. पण विम्याचं सोडा. डाल्यात ना सीट आहे ना पट्टा, आणि रपट्यावरचा एक गचका लहान पोराला बाहेर फेकायला पुरेसा आहे. पाचच्या वर माणसं असतील तर दुसरी गाडी.

आता चिखल. फोर बाय फोर असली की अडकत नाही, असं जो म्हणतो तो आश्विनात आमच्या धानाच्या बांधीत उतरलेला नसतो. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या जमिनीला आमच्याकडं नावं आहेत, कन्हार, मोरांड, सिहार, खरडी. खरडीवर साधी मोटारसायकलही जाते. कन्हार ओली झाली की टायरच्या खाचा भरून जातात आणि खाचा भरल्या की हजाराचा टायर नि वीस हजारांचा टायर सारखेच, दोन्ही गुळगुळीत. चार चाकं फिरतात, पण चौघंही घसरतच फिरतात. फोर बाय फोरमुळं एवढंच होतं की जिथं फोर बाय टूवाला बांधावरच अडकला असता, तिथं तुम्ही बांधीच्या मधोमध जाऊन अडकता. ब्रेकसाठी आणि वळणासाठी तर फोर बाय फोरचा काडीचा उपयोग नाही. तिथं फक्त टायर. आणि अशा बहुतेक गाड्यांतला फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून ठेवायचा नसतो, कारण पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि तो ताण गिअरवर येतो.

मीही असाच अडकलो आणि ट्रॅक्टरवाल्यानं मला काढलं, त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकलो. एक, हवा. हमरस्त्यावर पस्तीस पीएसआय असलेले टायर मऊ जमिनीवर अठरा-वीसवर आणले की टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होतो, वजन पसरतं आणि गाडी रुतायच्या ऐवजी तरंगल्यासारखी चालते. खिशात मावणारा दाबमापक आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही दोन हजारांच्या आसपासची वस्तू विंचच्या कितीतरी आधी घ्यावी. डांबरावर येताच हवा परत भरायची, नाहीतर टायर तापून फुटेल. दुसरी गोष्ट दोराची. ट्रॅक्टरवाल्यानं साखळी थेट ट्रॉली जोडायच्या गोळ्यात अडकवायला घेतली होती. तो गोळा मागून सरळ ओढायला असतो. झटक्याच्या जोरानं तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. यात जगभर माणसं मेली आहेत. चासीवरचं मजबूत हूक, नायलॉनचा जाड दोर, दोराच्या मधोमध जुनं पोतं किंवा ब्लँकेट टाकलेलं, आणि बघे लांब. आमच्याकडं गाडी अडकली की बघे दहा मिनिटांत वीस होतात, त्यांना हटवणं हेच सगळ्यात अवघड काम.

गाडी उंच करण्याबद्दल थोडकंच. लिफ्ट किटनं बॉडी वर जाते, पण मागच्या धुरीच्या मधला डिफरन्शियलचा गोळा होता तिथंच राहतो. तो वर न्यायचा तर टायर मोठा हवा, आणि टायर मोठा झाला की स्पीडोमीटर खोटं बोलतो.

स्नॉर्कलनं मात्र जीव जाऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितो. ते नळकांडं इंजिनाला वरून हवा देतं, बस. हायलक्सला कंपनी सातशे मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते. पण ती साचलेल्या, शांत पाण्यात, हळू चालवताना. वाहतं पाणी ही वेगळीच चीज आहे. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या, पिकअपसुद्धा, उचलून नेऊ शकतं, कारण गाडी आधी तरंगते आणि मगच ढकलली जाते. त्यात नळकांडं काय करणार? बाघ नदीच्या दोन्ही तीरांवर, अलीकडं मध्य प्रदेश नि पलीकडं महाराष्ट्र, रपट्यांवर पावसाळ्यात बांबू आडवा लावलेला असतो. तो बांबू बाजूला करणारा नेहमी मोठ्या गाडीवाला असतो, हे मी बघितलंय. चिखलपाण्यातून आलात तरी गिअरबॉक्स आणि धुरीच्या श्वासनळ्या तपासा. पाणी तिथून आत जातं आणि महिनाभरानं आवाज करायला लागतं.

मुक्काम कुठं करायचा, याबद्दल लोक आरामात म्हणतात, जंगल काय कुणाच्या बापाचं आहे? बालाघाटचं जंगल ही साधी गोष्ट नाही. कान्हा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आणि १९७३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. मुक्कीच्या दरवाज्यातून सफारीला नोंदणीकृत जिप्सी आणि गाईडशिवाय जाता येत नाही. त्याबाहेरच्या जंगलातूनही वाघ कान्हा-पेंचच्या दरम्यान ये-जा करतात. राखीव जंगलात विस्तव करणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि मोह गळायच्या दिवसांत तर अस्वलाची गाठ पडणं ही गोष्ट नव्हे, रोजचं आहे. तंबू छतावर असला काय नि जमिनीवर असला काय. आम्ही ओळखीच्या शेतात, आमराईत, तळ्याच्या पाळीवर विचारून थांबतो, आणि जिल्हा बरीच वर्षं नक्षलग्रस्त यादीत होता म्हणून आतल्या भागात जाताना पोलीस ठाण्यात सांगूनच जातो.

आणि सिगडी. थंडीत झाकणाखाली किंवा तंबूत निखारे घेऊन झोपणं, हे आमच्याकडं घरातही चालतं. निखाऱ्यावर राख बसली म्हणजे तो विझला असं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, खोकलाही येत नाही. झोपेत माणूस उठतच नाही. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपण्याचंही तेच. पौषातल्या थंडीत दोन गोधड्या जास्त घ्या. सहा किलो वजन वाढतं, वाढू द्या.

मागच्या थंडीत हट्ट्याच्या बावडीपासून थोडं पुढं एका शेतकऱ्याच्या खळ्यात मुक्काम केला. सकाळी तो चहा घेऊन आला, गाडीभोवती एक फेरी मारली, डाल्यात वाकून सागाचे खण बघितले आणि विचारलं, "भाऊ, हिच्यात धानाचे कट्टे किती मावते?" चाळीस किलोचा एक कट्टा धरून मी मनात हिशेब केला. माणसं, पाणी, शिधा, फ्रीज नि बॅटरी वजा जाता पाच.

"पाचच?" तो म्हणाला, आणि त्याच्या अंगणातल्या, हेडलाइटला दोरी बांधलेल्या जुन्या पिवळ्या पाटीकडं बघत हसला. "मंग एवढ्या पैशाची घेतली काहून?"