टंचाईच्या वर्षातील पाणीमोजणी

अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा हे गाव जामखेड तालुक्यात, बीड आणि धाराशिवच्या सीमेलगत आहे. हा पट्टा पर्जन्यछायेतला. पावसाळा सरला की ओढे-नाले आटतात. मग सीना खोऱ्यातील खैरी मध्यम प्रकल्पासारख्या तलावांत जे अडले असेल, त्यावरच पुढचा पाऊस येईपर्यंत भागवावे लागते. म्हणून टंचाईच्या वर्षी पाण्याची मोजदाद काटेकोर लागते.

धरणातील पाण्याची पातळी मोजपट्टीवर, समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये वाचतात आणि क्षमता-तक्त्यावरून त्या पातळीचा साठा काढतात. जलाशय तळाकडे निमुळता होत जातो. त्यामुळे वरच्या एका मीटरमध्ये जितके पाणी असते, तितके तळालगतच्या मीटरमध्ये नसते. विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराच्या, खाली राहते तो मृतसाठा. जाहीर होणारी टक्केवारी साधारणपणे उपयुक्त साठ्याची असते. उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत. म्हणूनच उजनी ‘उणे’ टक्क्यांत गेली, तरी धरणात पाणी दिसते. गाळाने भरत आलेल्या लहान तलावांना असा आधार नसतो.

नदीचा विसर्ग म्हणजे पात्राचा पाण्याखालील छेद गुणिले प्रवाहाचा वेग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर; ११,५७४ क्युसेकचा प्रवाह दिवसभर टिकला, तर एक टीएमसी पाणी वाहून जाते. धरणातील आवक बहुधा उलट हिशेबाने काढतात: साठ्यातील वाढ, सोडलेले पाणी आणि बाष्पीभवन यांची बेरीज. उन्हाळ्यात बाष्पीभवनाचा वाटा मोठा असतो. तो धरला नाही, तर पुढील महिन्यांसाठीची शिल्लक फुगलेली दिसते.

जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब वेगळा ठेवला जातो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. पावसाळ्यानंतरची पातळी सरासरीपेक्षा किती खाली आहे, यावरून टंचाईची गावे आधीच ओळखता येतात आणि टँकरची तयारी करता येते.

निर्णयांसाठी १५ ऑक्टोबरचा साठा महत्त्वाचा. त्या दिवशी जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. इतर धरणांतही पिण्यासाठीचे पाणी आधी राखून ठेवतात. सिंचनाची आवर्तने उरलेल्या साठ्यातून ठरतात. हे आरक्षण जुलैअखेरपर्यंतचे गृहीत धरणे सुरक्षित, कारण मृगाचा पाऊस पडला तरी तलावात आवक लगेच सुरू होत नाही. पहिले पाणी तहानलेली जमीनच पिते.