जमिनीच्या पोटातील थर आणि विजेची पारख

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी नाशिककरांच्या परिचयाची आहेत. असे केंद्र उभारताना तेथील जमीन विजेला किती अडविते हे मोजावे लागते, कारण यंत्रांचे अर्थिंग त्या मापावर बेतायचे असते. तेच माप विहिरीची जागा शोधणाऱ्यालाही उपयोगी पडते.

रीत साधी आहे. चार खुंट्या एका रेषेत ठोकावयाच्या. बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडावयाचा आणि आतल्या दोहोंमधील दाब मोजावयाचा. दाबाला प्रवाहाने भागून, खुंट्यांच्या अंतरावरून निघणाऱ्या एका संख्येने गुणले की जमिनीचा विशिष्ट रोध मिळतो. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जे यांनी १९१२ साली असे प्रयोग केले. बाहेरच्या खुंट्या जसजशा दूर न्याव्यात तसतसा प्रवाह खोल शिरतो. पुष्कळांना वाटते की खुंट्यांचे अंतर म्हणजेच खोली. तसे नाही. मिळालेला आकडा भासमान असतो. वरच्या साऱ्या थरांची ती मिसळ असते.

आपल्या भागात वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा पाषाण. ओली चिकण माती बहुधा दहा ओहम-मीटरच्या आसपास भरते. अखंड पाषाण शंभराच्या पुष्कळ वर जातो. म्हणून आलेख चढत जातो. चढता चढता तो मध्येच वाकला, तर तेथे पाण्याने भरलेला भेगाळ खडक असू शकेल.

'असू शकेल' एवढेच. कारण खरी अडचण येथेच आहे. दोन कठीण थरांमध्ये वीस ओहम-मीटरचा दहा मीटर जाड थर असो, की दहा ओहम-मीटरचा पाच मीटर जाड, आलेख जवळजवळ एकच उमटतो. जाडीला रोधाने भागले असता दोन्हीकडे अर्धाच येतो. शिवाय चिकण मातीचा थरही रोध कमीच दाखवितो, पण तो पाणी धरून ठेवतो, विहिरीला देत नाही. शेतकऱ्याने कर्ज काढून घेतलेली बोअर कोरडी जाते ती पुष्कळदा अशा आलेखाच्या घाईच्या वाचनामुळे! जमिनीत पुरलेले लोखंडी नळ आणि कुंपणाच्या तारा यांनी आकडे बिघडतात ते वेगळेच.

यासाठी जाणता भूशास्त्रज्ञ आधी शेजारच्या विहिरीत डोकावतो. तिच्या काठाचे थर डोळ्यांनी पाहून, तेथेच एक मापन घेऊन, मग तो नव्या जागेचा आलेख वाचतो. आपणही जागा दाखविणाऱ्याजवळ त्या विहिरीचे माप आधी मागावे.