झिओलाइट : कुठं उपयोगी, कुठं वायफळ?



विहिरीचं खोदकाम चालू असताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत पांढरे किंवा फिकट गुलाबी, चकाकणारे खडे सापडतात. आपण त्यांना सरसकट गारगोटी म्हणतो. पण त्यांतले बरेचसे खडे झिओलाइट जातीच्या खनिजांचे असतात. जळगाव, नाशिक, पुणे भागांतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

आता याच नावाची पूड पोत्यात भरून विकायला येते. ‘टाका आणि निम्मं खत वाचवा’ असं सांगितलं जातं. पैसे मोजण्यापूर्वी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेऊ या.

दगड, पण आतून पोकळ

1756 साली स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजतज्ज्ञानं असा खडा तापवला, तेव्हा तो उकळी आल्यासारखा फुगला. म्हणून ग्रीक शब्दांवरून त्याला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं नाव दिलं. उकळलं ते त्याच्या पोटातलं पाणी. झिओलाइट म्हणजे सिलिका आणि ॲल्युमिना यांची जाळी. मधमाशीच्या पोळ्यासारखी तिला अतिशय बारीक घरं असतात. जाळीवर ऋण विद्युतभार असल्यामुळं त्या घरांत पोटॅशियम, कॅल्शियम, अमोनियम असे धनभारित कण येऊन बसतात आणि दुसरे आले की जागा सोडतात.

याच जाळीचा उपयोग करून कडक पाणी मऊ करतात. 2021 साली कोरोनाच्या लाटेत दवाखान्यांना हवेतून प्राणवायू वेगळा करून देणाऱ्या यंत्रांतही कारखान्यात बनवलेलं झिओलाइटच होतं. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं आणि प्राणवायू पुढं जाऊ देतं.

शेतीसाठी मुख्यतः क्लिनोप्टिलोलाइट नावाचा प्रकार वापरतात. त्याला अमोनियम आणि पालाश यांची विशेष ओढ असते.

हिशेब करून पाहा

धनभारित कण धरण्याची क्षमता 100 ग्रॅममागे मोजतात. चांगल्या क्लिनोप्टिलोलाइटची ती 100 ते 200 एकक, आपल्या भारी काळ्या जमिनीची साधारण 40 ते 60, तर कोकणातल्या जांभ्या जमिनीची फारच कमी असते.

150 एकक धरले, तर एक किलो पूड जास्तीत जास्त 21 ग्रॅम नत्र धरते. म्हणजे 50 किलोचं पोतं जेमतेम एक किलो! युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 20 किलोंवर नत्र असतं. शिवाय एकरातली वरची सहा इंच माती साधारण 9 लाख किलो भरते. तिच्यात एक पोतं म्हणजे खंडीभर धान्यात चिमूटभर मीठ. भारी काळ्या रानात हा खर्च करू नका.

आणखी एक गोष्ट. युरिया जसाच्या तसा या जाळीत अडकत नाही. त्याचा अमोनियम झाल्यावरच अडकतो. नायट्रेट आणि स्फुरद ऋणभारित असल्यामुळं ते धरले जात नाहीत.

मग वापरावं कुठं?

जिथं जागा थोडी आणि अमोनिया फार, तिथं.

*कोंबड्यांची शेड :* गादी ओली झाली की डोळे झोंबतात. तो अमोनिया म्हणजे हवेत उडून चाललेलं नत्र. गादीत पूड मिसळल्यास वास कमी होतो. मात्र हवा खेळती आणि गादी कोरडी ठेवणं हे आधी. ही गादी पुढं कुजवून शेतात टाका. धरलेलं नत्र मुळांना हळूहळू मिळतं.

*खताचा खड्डा :* शेण आणि कोंबडखत कुजवताना वजनाच्या 5 ते 10 टक्के पूड मिसळण्याची पद्धत आहे.

*रोपवाटिका आणि हलकी, वाळूसर जमीन :* कुंडीत, पिशवीत माती थोडी असते, त्यामुळं थोड्या पुडीचाही गुण दिसू शकतो.

*गोड्या पाण्याचं मत्स्यतळं :* इथं अमोनिया कमी करायला मदत होते. खाऱ्या पाण्यात मात्र सोडियमच जागा अडवतं, म्हणून गुण फारच कमी.

घेताना काळजी

1. चमचाभर पुडीवर लिंबू पिळा. फसफसलं तर तीत चुनखडी मिसळलेली आहे.
2. खनिजाचं नाव, धनायन विनिमय क्षमता आणि सोडियमचं प्रमाण लेखी मागा. सोडियम जास्त असलेला माल जमीन बिघडवतो.
3. पूड हाताळताना नाकातोंडाला फडकं बांधा. एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटच्या धुळीनं तुर्कस्तानातल्या काही गावांत छातीच्या आवरणाचा कर्करोग झाला. म्हणून नाव-गाव नसलेली पूड घेऊच नका आणि विहिरीतले खडे घरी कुटत बसू नका.
4. प्रथम दोन सारखे वाफे घ्या. एकात पूड घाला, दुसऱ्यात नको. पाणी, खत, बियाणं तेच ठेवा. उतारा वजन करून पाहा, मगच पुढचं पोतं आणा.

थोडक्यात काय, झिओलाइट खत नाही, ते खताचं कोठार आहे. कोठारानं धान्य पिकत नाही. आहे ते राखलं जातं. शेणखत आणि माती परीक्षण यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरले तर या दगडाचा विचार करा.