भरलेली वाघीण रिकामी व्हायला हवी

१९९८ हे साल मराठी रेल्वेप्रेमींसाठी मोठं भाग्याचं. २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर मार्ग सलग सुरू झाला आणि सिंधुदुर्गातलं नांदगाव रोडसारखं छोटं स्थानक मुंबई-मंगळुरूच्या वाटेवर आलं. १ एप्रिलला पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय खुलं झालं. तिथं धावत्या गाड्या बघताना लहानमोठे सारेच हरखून जातात. तरीही घरी मॉडेल रेल्वे मांडणाऱ्यानं धावण्यावर थांबू नये असं मला वाटतं. मालगाडी धावते ती माल पोहोचवायला. ते काम मॉडेलमध्ये दाखवायचं तर कोळसा खरोखर ओतणारी वाघीण बसवण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

याचं कारण खऱ्या रेल्वेतच आहे. चंद्रपूर किंवा भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्राचं यार्ड कोळसा कसा उतरवायचा यावरून आखावं लागतं. बॉक्स-एन ही वरून उघडी वाघीण टिपलरमध्ये धरून उलटी करतात, म्हणजे एकेक वाघीण तिथं आणून ठेवणं आलं. बीओबीआर वाघिणीची दारं तळाला असतात आणि हवेच्या दाबानं उघडतात. तिचा रेक खड्ड्यावरून सावकाश सरकत रिकामा होतो. वाघिणीवर काळा खडा डिंकानं चिकटवला की हा प्रश्नच उरत नाही आणि यार्ड नुसतं शोभेचं होतं. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीनं हे फार पूर्वी ओळखलं होतं. तिच्या वाघिणीखालच्या विद्युतचुंबकाला खास रुळातून वीज मिळे, डब्याचा हौदा कलंडे आणि कोळसा बाजूच्या पेटीत पडे. १९३८ साली आलेला तिचा कोल एलिव्हेटर तोच कोळसा साखळीच्या बादल्यांनी पुन्हा वर चढवी.

आता जुळवणीकडे. १:८७ प्रमाणात लांबी ८७ पटींनी घटते, पण वजन घटतं त्याच्या घनानं. बॉक्स-एनमधला सुमारे ५८ टन कोळसा जेमतेम ८८ ग्रॅमवर येतो. एवढ्याशा वजनाच्या जोरावर दाणे आपसूक घसरत नाहीत. बारीक भुकटी दारापाशी कमान धरते आणि अडकून बसते. म्हणून कोळसा कुटून, चाळून, धुऊन साधारण मिलिमीटरभराचे दाणे ठेवावेत, हौद्याचा आतला उतार तीव्र आणि गुळगुळीत करावा. उतरवण्याची जागा सरळ आणि सपाट रुळावरच हवी, कारण बाजूला कलंडणारी वाघीण वळणावर सहज उलटते. विद्युतचुंबकाला क्षणभरच वीज द्यायची, बटण दाबून धरलं तर गुंडाळी जळते. मॉडेलच्या फळीखाली सर्वो मोटर बसवली तर दार हळूहळू उघडता येतं, आणि ते गरजेचंही आहे: उंची ८७ पटींनी घटली तरी पडण्याचा वेळ नऊ-साडेनऊ पटींनीच घटतो, त्यामुळे एकदम ओतलेला कोळसा डोळ्यांत भरण्याआधीच संपतो.

यंत्रणा बसवली की मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, असा एक आक्षेप घेतात. विद्युतचुंबकाच्या जाड वाघिणीबाबत तो खरा आहे. सर्वो फळीखाली लपतो, त्यामुळे तिथं या आक्षेपाचा जोर उरत नाही. कोळशाच्या धुळीनं चाकं आणि गिअर खराब होतात हा आक्षेप मात्र मी मानतो. धुतलेले दाणे वापरले तरी वरचेवर सफाई लागतेच, आणि कोकणच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत दाणे चिकटतात. काळे प्लॅस्टिकचे दाणे तिथं सरस ठरतात, मग शुद्धतावाद्यांनी नाक मुरडलं तरी चालेल.

उरतो तो स्थानिक प्रश्न: नांदगाव रोडसारख्या छोट्या स्थानकाच्या मॉडेलात कोळसा कशाला? रास्त आहे. पण रुळाखालची खडी तरी भरावीच लागते. भारतीय रेल्वेत त्यासाठी बीओबीवाय हॉपर वाघिणी आहेत, आणि खडी ओतण्याची रीत तत्त्वतः तीच. नांदगाव रोडचं मॉडेल करणाऱ्यानं लूपवर खडीची गाडी उभी करावी, समोरून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यावी आणि मग मेन लाइनवर येऊन सावकाश पुढं जात खडी टाकावी. एकेरी मार्गावर मालगाडीला किती थांबावं लागतं हे त्यात आपोआप कळतं.